कर्जतच्या फलाटावर, मुंबईच्या टोकाला एक बाक

प्रति,
मा. महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे,
छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबई.

विषय: कर्जत स्थानकात गाड्या पाहायला येणाऱ्यांसाठी एक बाक, एक पाटी आणि लेखी नियम मिळण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की बहुतेक प्रवासी वड्याकडे धावतात. तीन-चार जण मात्र उलट दिशेला, गाडीच्या शेपटाकडे, म्हणजे मुंबईच्या टोकाला चालू लागतात. तिथे घाट चढवायला बँकर, म्हणजे गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं, लागत असतात. दोन-तीन जोडलेली इंजिनं माणसाच्या चालीने मागून येतात, हातभर अंतरावर क्षणभर थांबतात, मग एक ठोका बसतो आणि तो सगळ्या डब्यांतून सरकत पार पुढच्या इंजिनापर्यंत जातो. हा ठोका ऐकायला मी गेली पंचेचाळीस वर्षं येतो आहे. हल्ली माझ्याबरोबर माझी तेरा वर्षांची भाची असते. तिच्या हातात दोनशे पानी वही असते. ती इंजिनाचा नंबर, वर्ग, शेड (म्हणजे त्याचं मुक्कामाचं ठिकाण), वेळ आणि हवा लिहून घेते. हवा का लिहायची, ते तिला कुणी सांगितलेलं नाही. पावसात रूळ निसरडे झाले की घाटात गाडीचा वेळ बदलतो, हे तिचं तिनेच दोन पावसाळ्यांच्या नोंदींवरून काढलं.

तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या मुलांसाठी हे पत्र लिहितो आहे. मागणी छोटी आहे, पण ती का करतो आहे हे सविस्तर सांगायला हवं.

तुमच्या अखत्यारीतला हा 28 किलोमीटरचा तुकडा किती विलक्षण आहे हे मी तुम्हाला सांगावं असं नाही. तरी आम्हाला तो फलाटावरून कसा दिसतो ते ऐका. कर्जत ते लोणावळा, जिथे सर्वांत उभा तिथे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा चढ. 1863 साली हा मार्ग खुला झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरून काही आठवड्यांतच वारला, आणि पुढचं काम त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, कंत्राट आपल्याकडे घेऊन पुरं केलं. हजारो मजूर या डोंगरात पटकीने आणि अपघातांनी गेले. 1929पर्यंत गाड्यांना मध्येच रिव्हर्सिंग स्टेशनवर तोंड फिरवून चढावं लागे. इंजिनं बदलली, बोगदे वाढले, चढ मात्र तोच राहिला. बँकर मागून का लावतात, पुढे का नाही, हे इथे उभं राहिलेल्या मुलाला दहा मिनिटांत कळतं. सगळा जोर पुढून लावला तर पहिल्या कपलिंगवर अख्ख्या गाडीचा ताण येईल. शिवाय मधेच कपलिंग तुटलंच, तर मागचे डबे उतारावर सुटू नयेत म्हणून खालून टेकू देणारं कुणीतरी हवं. उतरणाऱ्या गाड्या ब्रेकची परीक्षा द्यायला मंकी हिलला, ठाकूरवाडीला का थांबतात, कॅच सायडिंग, म्हणजे ताबा सुटलेली गाडी वळवून थांबवणारा रुळांचा फाटा, कशासाठी असते, हेही तिथेच कळतं. शाळेत उताराचा धडा मी शिकलो होतो, पण तो समजला या फलाटावर.

मी पहिली वही 1979मध्ये केली, सातवीत असताना. तेव्हा घाटात डब्ल्यूसीजी-2 ही इंजिनं बँकर म्हणून असायची. चित्तरंजनला बनलेली ही 57 इंजिनं. मी त्यांतली 54 पाहिली. तीन राहिली ती राहिलीच. त्याहून जुना तो खेकडा, डब्ल्यूसीजी-1. मधे केबिन, दोन्ही बाजूंना लांबलचक नाकं, आणि उभा असतानासुद्धा आतून येणारे ते विचित्र उसासे. 1928पासून आलेली ती 41 इंजिनं, काही स्वित्झर्लंडात बनलेली, बाकीची इंग्लंडात. नाव मात्र त्याला आपल्याच माणसांनी दिलं, आणि ते कुठल्याही कारखान्याच्या नावापेक्षा चपखल बसलं. माझ्या वहीत त्याच्या अकरा नोंदी आहेत. त्यांतली शेवटची वाचताना आजही माझा आवाज बदलतो.

इंजिनावरची अक्षरं कशी वाचायची ते मला एका शंटरकाकांनी शिकवलं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे डीसी विजेवर चालणारं, ए म्हणजे एसी, एम म्हणजे दोन्ही कामांचं, जी म्हणजे मालगाडीचं, पी म्हणजे प्रवासी गाडीचं. त्या दिवशी मला एक नवी लिपी आल्यासारखं वाटलं. डब्याच्या पाच आकडी नंबरातले पहिले दोन आकडे तो डबा कुठल्या साली बनला ते सांगतात, हेही त्यांनीच सांगितलं. त्यानंतर मी कुठल्याही डब्यात न वाचता चढलेलो नाही.

शाळेत ही वही एका सरांच्या हाती लागली. त्यांनी वर्गासमोर ती उघडून नंबर मोठ्याने वाचले, मुलं हसली, आणि वही वर्ष संपेपर्यंत परत मिळाली नाही. त्यातून मी एवढंच शिकलो की ही गोष्ट लपवून करायची असते. पुढची कितीतरी वर्षं मी लपवतच होतो. नोकरीत, लग्नात, शेजारी. कुणी विचारलं तर कुणाला तरी आणायला आलोय असं सांगायचो. भाचीने मला असं खोटं बोलताना एकदा ऐकलं आणि विचारलं, "मामा, आपण काही वाईट करतो का?" त्या दिवसापासून मी ते सांगणं सोडलं.

हा छंद ज्या देशात सर्वांत मोठा झाला त्या ब्रिटनमध्येही त्याची टिंगल झालीच. पावसात फलाटाच्या टोकाला उभं राहायचं म्हणून ही मंडळी टोपीचं जाडजूड जॅकेट घालत. त्या जॅकेटला अनोरॅक म्हणतात. शब्द मूळचा ग्रीनलँडच्या लोकांचा. इंग्रजीत पुढे तो माणसालाच चिकटला. एखाद्या विषयात नको इतका बुडालेला, चारचौघांत न शोभणारा, तो अनोरॅक. ट्रेनस्पॉटर या शब्दाचीही तीच गत झाली. आपल्याकडे मराठीत तसं होण्याचं कारण नाही. आपण वेड हा शब्द मायेनेही वापरतो. ध्येयवेडा म्हणतो, गाण्याचं वेड म्हणतो, आणि कोल्हापूरकडचा माणूस एखाद्याला मनापासून दाद देताना नाद खुळा म्हणतो. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती गोळा केल्या, घरोघर फिरून, वर्षानुवर्षं. लोक मोडीत घालत होते त्या वस्तू. आज त्यांचं संग्रहालय पाहायला जगभरातून माणसं येतात. तो अडकित्ता मोडीत गेला असता तर तो कुणी आणि कसा घडवला हे आज सांगता आलं नसतं. आमच्या वह्यांचं थोडं तसंच आहे, महोदय. आम्ही वस्तू गोळा करत नाही, इंजिन कुठे आणि केव्हा होतं एवढं गोळा करतो.

ब्रिटनमधली एक हकीकत मला तुमच्यापुढे मुद्दाम ठेवायची आहे. इयान ॲलन नावाचा एक तरुण लंडनच्या वॉटर्लू स्थानकात सदर्न रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. इंजिनांविषयी माहिती विचारणारी लोकांची पत्रं त्याच्याकडे येत. उत्तरं देऊन देऊन त्याला वाटलं, सगळ्या इंजिनांची एक यादीच छापावी. कचेरीला ती कल्पना नको होती, म्हणून 1942मध्ये, भर युद्धात, त्याने ती स्वतःच छापली. एक शिलिंग किंमत. प्रती हातोहात संपल्या. यादी हातात आल्यावर मुलं रुळांच्या कडेला लोटली, आणि 1944च्या सुमारास टॅमवर्थला काही मुलं रेल्वेच्या हद्दीत घुसली म्हणून पकडली गेली. आता इथे काय करता आलं असतं? याद्या बंद करता आल्या असत्या, मुलांना हाकलता आलं असतं. ॲलनने त्यांच्यासाठी एक क्लब काढला. सभासद व्हायचं तर रेल्वेच्या हद्दीत शिरणार नाही, कामात अडथळा आणणार नाही, असा शब्द द्यायचा. बिल्ला मिळे, आणि तो बिल्ला काढून घेतला जाण्याची भीती पोलिसाच्या भीतीपेक्षा मोठी होती. पुढे लाखाहून जास्त मुलं त्या क्लबात आली. मुलाला आपलं म्हटलं की तो नियम मोडत नाही, उलट दुसऱ्याला मोडू देत नाही. माझी मागणी या एका हकिकतीवर उभी आहे.

त्याच मुलांनी मोठेपणी काय केलं तेही सांगतो. 1968च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिनं बंद केली. दक्षिण वेल्समधल्या बॅरी गावच्या भंगार अड्ड्यात शेकडो इंजिनं गंजत पडली होती. छंदिष्टांनी वर्गणी काढून, पगारातून पैसे वाचवून, तिथून 213 इंजिनं सोडवली. एका वर्गाचं तर एकही इंजिन उरलं नव्हतं, 49च्या 49 भंगारात गेली होती. तेव्हा त्यांनी जुने आराखडे घेऊन ते इंजिन पहिल्या खिळ्यापासून नव्याने बांधलं. 1990मध्ये काम सुरू झालं, 2008मध्ये ते रुळावर धावलं. टॉर्नेडो त्याचं नाव.

आपल्याकडे 16 एप्रिल 1853ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी गेली, चौदा डबे आणि चारशे पाहुणे घेऊन, ती साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली. या तिन्हींपैकी आज एकही उरलेलं नाही. ती कुठे शेवटची उभी राहिली हे लिहून ठेवणारं फलाटावर कुणी असतं, तर निदान तेवढं तरी हाती लागलं असतं. आणि जे वाचलं ते कुणामुळे? दिल्लीचं राष्ट्रीय रेल संग्रहालय 1977मध्ये उघडलं. ते उभं राहावं म्हणून देशभर फिरून जुनी इंजिनं हुडकणारा, सरकारला सल्ला देणारा माणूस मायकेल सॅटो, नोकरीनिमित्त भारतात आलेला एक गाडीवेडा. रेल्वे त्याचं पोट नव्हतं, त्याचं प्रेम होतं.

मधल्या काळात आमच्याच डोळ्यांदेखत एक युग संपलं. 3 फेब्रुवारी 1925ला मुंबई ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, 1500 व्होल्ट डीसीवर. 2016च्या एप्रिलमध्ये हार्बर मार्गावर डीसी संपली. 91 वर्षं. लोकलच्या डब्याखाली घरघरणारा तो जुना आवाज, जो मुंबईकराच्या झोपेतही असायचा, एका रात्रीत इतिहासजमा झाला. त्या रात्री फलाटावर माणसं आवाज ध्वनिमुद्रित करत होती, मीही होतो. शेजारी एक आजोबा उभे होते, त्यांच्या हातात काहीच नव्हतं, ते नुसते डोळे मिटून ऐकत होते. एसी हवीच होती, याबद्दल माझं दुमत नाही. गाड्या सुधारल्या, वीज वाचली. घाटातही आता डब्ल्यूएजी-7 बँकर दिसतात आणि वंदे भारत तर 2023पासून बँकर न लावताच वर जाते. भाची पहिल्यांदा ती गाडी घाटात शिरताना पाहून आनंदाने ओरडली, आणि लगेच म्हणाली, "मग मामा, बँकर एक दिवस बंदच होणार का?" होतील. कधीतरी होतील. तो ठोका बंद होण्याआधी शांतपणे पाहायला, ऐकायला, लिहायला मुलांना जागा मिळावी.

अडचण काय आहे, तर कुणालाच नक्की काही माहीत नसतं. माझ्या एका मित्राने परराज्यातल्या एका स्थानकावर रीतसर विचारून फोटो काढले. एकाने हो म्हटलं, अर्ध्या तासाने दुसऱ्याने येऊन मोबाईलमधले सगळे पुसायला लावले. दोघेही मनाने वाईट नव्हते. दोघांच्याही हातात लिहिलेलं काही नव्हतं, इतकंच. जिथे लेखी नियम नसतो तिथे समोरच्याच्या त्या दिवशीच्या मूडवर सगळं चालतं, आणि मोठा माणूस हुज्जत घालू शकतो, तेरा वर्षांची मुलगी वही पिशवीत टाकून घरी जाते.

रील बनवायला रुळांवर उभी राहणारी, दारात लोंबकळणारी, गाडी आली तरी पाठ करून मोबाईल धरणारी मंडळी तुमची डोकेदुखी आहेत, हे मला कळतं. त्यांतली काही जिवानिशी जातात. त्यांना आणि आम्हाला एकाच मापाने मोजू नका, अशी विनंती आहे. त्यांना गाडी स्वतःच्या मागे हवी असते. आम्हाला गाडी समोर हवी असते, आणि तिच्याकडे टक लावून पाहणारा माणूस तिच्या वाटेत कधी उभा राहत नाही. रेल्वे अधिनियमाचं 147 कलम, विनापरवाना हद्दीत शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे माझ्या भाचीला तोंडपाठ आहे.

या पाहण्याचा तुम्हालाही उपयोग होतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक मालगाडी फलाटासमोरून हळू जात होती. मधल्या एका वाघिणीखाली, म्हणजे मालडब्याखाली, काहीतरी लोंबत होतं आणि रुळांखालच्या स्लीपरवर घासून ठिणगी उडत होती. आम्ही दोघं होतो. एकाने वाघिणीचा नंबर घेतला, दुसरा स्टेशन मास्तरांकडे धावला. गाडी पुढे थांबवली गेली. मास्तरांनी नंतर चहा पाजला आणि विचारलं, नंबर इतक्या पटकन कसा वाचलात? आयुष्यभर तेच तर केलं होतं. ब्रिटनमध्ये रेल्वेची लेखी सूचनावली आहे. तिथे छंदिष्टांना स्थानकावर या म्हणून सांगितलं आहे. आल्यावर कर्मचाऱ्यांना कळवा, पिवळ्या रेषेच्या मागे राहा, फ्लॅश वापरू नका, तिवई लावून वाट अडवू नका, आणि काही संशयास्पद दिसलं तर आम्हाला सांगा, तुम्ही आमचे जादा डोळे आणि कान आहात, असा तिचा सूर आहे. अमेरिकेत बीएनएसएफ या मालवाहू रेल्वेने तर गाडीवेड्यांची नावं नोंदवून त्यांना ओळखपत्रं दिली, अशाच नजर ठेवण्याच्या कामासाठी.

तर माझं मागणं. कर्जतच्या पुण्याकडच्या गाड्यांच्या फलाटावर, मुंबईच्या टोकाला, छपराखाली, पिवळ्या रेषेपासून चांगला मागे, एक बाक ठेवा. लाकडी असला तर उत्तम, सिमेंटचा असला तरी चालेल. त्याच्या मागे एक पाटी, मराठीत, की इथे बसून गाड्या पाहायला, नंबर लिहायला, स्वतःसाठी फोटो काढायला परवानगी आहे, आणि या या गोष्टींना सक्त मनाई आहे. मनाईची यादी तुम्ही हवी तितकी कडक करा. प्लॅटफॉर्म तिकीट आम्ही काढतोच, दहा रुपयांत दोन तास. सध्याच्या नियमात त्याहून जास्त बसता येत नाही, तर एखादा रविवारचा पास काढायला आमची ना नाही. स्टेशन मास्तरांकडे एक नोंदवही ठेवा, आम्ही येताना-जाताना सही करू, लहान मुलाबरोबर मोठं माणूस असलंच पाहिजे असा नियम करा. त्या पाटीवरचा मजकूर तुमच्या इतर स्थानकांवरच्या कर्मचाऱ्यांकडेही एक पानी परिपत्रक म्हणून गेला, तर कसाऱ्याला थळ घाटाचे बँकर पाहणाऱ्या मुलांचंही काम होईल.

आणि एक गोष्ट, जिला एक पैसाही लागत नाही. एखाद्या वर्गाचं शेवटचं इंजिन सेवेतून काढताना आधी तारीख जाहीर करा. त्याची नोंदवही भंगाराबरोबर जाऊ देऊ नका, ती एखाद्या ग्रंथालयात द्या. माझी ती तीन डब्ल्यूसीजी-2 केव्हा निघाली आणि कुठे तोडली गेली, हे मला अजून जाणून घ्यायचं आहे. कुणा निवृत्त कर्मचाऱ्याला आठवत असेल तर मी त्यांच्या दारी जायला तयार आहे.

बाकाचा खर्च अंदाजपत्रकात बसत नसेल तर आम्ही वर्गणी काढू. भाचीने तिच्या खाऊच्या पैशांतले तीनशे चाळीस रुपये बाजूला काढून ठेवले आहेत आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्याची नोंद केली आहे, तारीख आणि वेळेसकट. जागा नेमकी कुठली ते पाहायला कुणी अधिकारी येणार असतील तर रविवारी सकाळी यावं. आम्ही तिथेच असतो. शेवटच्या डब्याच्या मागे, जिथे ठोका बसतो तिथे.

कळावे,
आपला विश्वासू,
कर्जतचा एक प्रवासी